तांबडं नाव

"भावोजी, तिला विचारा, यातलं आपलं कुठलं?"

वहिनीने हे विचारलं तेव्हा आम्ही डोंगराच्या पायथ्याशी उभे होतो आणि वरपर्यंत नुसती थडगीच थडगी दिसत होती. पिनांग बेटावरचं ते जुनं चिनी स्मशान. सकाळ होती, पण उकाडा आमच्या वैशाखासारखा. आजूबाजूला जत्रेसारखी गर्दी. कुणाच्या खांद्यावर फावडं, कुणाच्या हातात गवत कापायचा विळा. दोघे जण भाजलेलं अख्खं डुक्कर परातीतून सांभाळत वर नेत होते, आणि एका म्हातारीला तिच्या मुलाने पाठीवर घेतलं होतं. रडत कुणीच नव्हतं.

सिऊ लानने वर बोट दाखवलं. "त्या झाडाच्या खाली. चढ आहे. मोठ्या आईला जमेल ना?"

तिचं इंग्रजी तुटक, माझंही तसलंच. पण कामापुरतं एकमेकांना कळत होतं. मी वहिनीला सांगितलं.

"मोठी आई कोण?"

"तुम्ही. त्यांच्यात बापाच्या पहिल्या बायकोला तसं म्हणतात."

वहिनीने लुगड्याचा ओचा वर खोचला आणि चढायला लागली. साठी ओलांडलेली बाई, पण त्या सगळ्या चढावर तिने एकदाही माझा हात धरला नाही.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको, द्वारका. आम्ही शिरधनकर, जयगडच्या खाडीवरचे. दादा, म्हणजे पुरुषोत्तम, बोटीवर खलाशी होता. लग्न झालं तेव्हा आंबा उतरत होता आणि नारळी पौर्णिमा झाली नि तो बोटीवर गेला. मी तेव्हा शाळेत होतो. पहिलं वर्षभर पत्रं आली. मग थांबली. बोटीच्या कंपनीने कळवलं की तुमचा माणूस तापाने आजारी पडला म्हणून पिनांगच्या इस्पितळात उतरवला होता, पुढचं आम्हाला ठाऊक नाही. त्यानंतर काहीच नाही.

वहिनी माहेरी गेली नाही. आमच्या आईचं तिने सगळं केलं. माझी मुलं तिच्याच अंगाखांद्यावर वाढली. बारा वर्षं झाली तेव्हा भटजी आले आणि म्हणाले, आता शास्त्राप्रमाणे पळसाच्या पानांचा पुतळा करून दहन करा, म्हणजे त्याला गती मिळेल आणि हिलाही सुटका. आईने ऐकलं नाही. आई गेल्यावर मी एकदा भीत भीत विषय काढला. वहिनी चुलीपुढून उठली नाही.

"पानांचा माणूस जाळून मी कुंकू पुसू?" ती म्हणाली. "मेलेला दाखवा मला. पुसते."

पुन्हा तो विषय घरात निघाला नाही. वहिनी वाट बघत बसायची असंही नव्हतं. तिचं कपाळ भरलेलं असायचं, आणि ती कामात असायची. दादाचं नाव ती घेत नसे.

मी मत्स्यखात्यातून निवृत्त झालो त्याच्या पुढच्या वर्षी आमच्या वाडीतला इब्राहिम होडेकर बोटीवरून रजेवर आला. तो सांगू लागला, की पिनांगच्या बाजारात तो आणि त्याचा सोबती आपल्या बोलीत बोलत शेवया खात होते, तेव्हा ती शेवया विकणारी चिनी बाई मधेच म्हणाली, "तुम्ही कुठचे?" अगदी आपल्यासारखं. तिचा बाप जयगडचा होता म्हणे. इब्राहिमने तिचा फोन नंबर आणला होता.

मी रत्नागिरीला जाऊन फोन लावला. तारेत खरखर फार. मी दादाचं नाव सांगितलं, मी त्याचा भाऊ म्हणून सांगितलं. मग ती म्हणाली, "बाबांची आणि आईची जागा इथे डोंगरावर आहे. एप्रिलमध्ये चेंग बेंग असतो, तेव्हा सगळे आपापल्या थडग्यावर जातात. तेव्हा या."

मी घरी येऊन वहिनीला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. तिने सूप खाली ठेवलं.

"तिथे पुरलाय?"

"तसंच म्हणाली."

"मला न्या," वहिनी म्हणाली. "काय ते तिथेच करीन."

काय करणार ते मला कळलं. माझ्या बायकोलाही कळलं आणि तिने पदर तोंडाला लावला. वहिनीने पुन्हा सूप हातात घेतलं.

विमानतळावर सिऊ लान घ्यायला आली होती. पस्तिशीची, अंगाने बारीक, केस मानेवर कापलेले. तिने आम्हाला बघितलं, मग आमच्या मागच्या दाराकडे बघत राहिली. बराच वेळ.

"आणखी कुणी?" तिने विचारलं.

"नाही. आम्ही दोघंच."

तिने मान खाली घातली आणि वहिनीच्या हातातली पिशवी घेतली. गाडीत वहिनी माझ्या कानाशी लागून म्हणाली, "कान बघितलेत तिचे? सासूबाईंचे कान." ते खरं होतं.

रात्री तिच्या घरी जेवलो, झोपलो. देव्हाऱ्यात तिच्या आईचा फोटो होता, पुढे दिवा. दादाचा फोटो नव्हता. नसेल काढलेला, असं आम्ही धरलं. ती जास्त काही बोलली नाही, आम्हीही नाही. सकाळी डोंगरावर आलो.

थडगं असं होतं: मागे मातीचा उंचवटा, त्याच्याभोवती घोड्याच्या नालेसारखा कठडा, पुढे उभा दगड आणि दगडापुढे लहानसं फरशीचं अंगण. वर्षभराचं गवत गुडघ्यापर्यंत वाढलं होतं. सिऊ लानने विळा काढला. वहिनीने तो तिच्या हातातून घेतला, पदर खोचला आणि एका कडेने गवत कापायला सुरुवात केली. सिऊ लान माझ्याकडे बघू लागली.

"करू दे," मी म्हटलं.

मग दोघींनी मिळून सगळं साफ केलं. मी कापलेलं गवत बाहेर टाकत होतो. सिऊ लान काम करता करता सांगत होती आणि मी वहिनीला मराठीत सांगत होतो. मेलेल्याचं डोकं दगडामागे असतं, उंचवट्याखाली. पाठीला डोंगर आणि समोर पाणी असावं लागतं, म्हणजे माणूस सुखाने राहतो. खाली खरंच समुद्र दिसत होता.

"आपली घरं अशीच की," वहिनी म्हणाली.

कडेला एक वीतभर दगड होता, त्याला वेगळी उदबत्ती. घरच्या माणसाच्या आधी त्याला द्यायचं, सिऊ लान म्हणाली, ही जमीन त्याची. मी सांगायच्या आधीच वहिनी म्हणाली, "राखणदार," आणि तिने त्याला हात जोडले.

उंचवट्यावर सिऊ लानने रंगीत कागदाचे तुकडे पसरले आणि प्रत्येकावर मातीचं ढेकूळ ठेवलं. या थडग्याला माणसं आहेत हे त्यावरून कळतं. शेजारच्या एकावर कागद नव्हते, आणि गवत इतकं माजलं होतं की दगडही दिसत नव्हता. त्याचं आता कुणी उरलं नाही, ती म्हणाली.

मग तिने दगड धुतला. त्यावर उभ्या ओळींत चिनी अक्षरं कोरलेली होती. मोठ्या ओळी दोनच. एकीत सोनेरी रंग होता, दुसरीत तांबडा. दोन्ही पावसाने पार फिके झाले होते. सिऊ लानने पिशवीतून रंगाचे दोन छोटे डबे आणि बारीक ब्रश काढला. सोनेरी डबा उघडून तिने पहिली ओळ रंगवायला घेतली. "आई," ती म्हणाली. एकेक रेघ कोरल्या खाचेतून सावकाश नेत होती. वहिनी तिच्या शेजारी उकिडवी बसून बघत होती. तिची पिशवी तिच्या मांडीवर होती, आणि एक हात पिशवीत होता.

सोनेरी ओळ पुरी झाली. सिऊ लानने ब्रश रॉकेलमध्ये धुतला, फडक्याला पुसला. मग दोन्ही डबे उघडून माझ्यापुढे ठेवले.

"काका, आता सांगा. कुठला?"

"कसला कुठला?"

"रंग." ती शांतपणे बोलत होती, पण माझ्याकडे बघत नव्हती. "जिवंत माणसाचं नाव तांबडं असतं. मेल्यावर सोनेरी करायचं. आई गेली तेव्हा बाबांनी दोन्ही नावं एकदमच कोरून घेतली, शेजारची जागा स्वतःसाठी ठेवली. आमच्यात तशी रीत आहे. मी दर चेंग बेंगला तांबडं रंगवते. तुम्ही दोघंच आलात तेव्हा विमानतळावरच मला कळलं. पण तुम्ही काही बोलला नाहीत, म्हणून मी विचारलं नाही. घरात देवासमोर असं विचारू नये. म्हटलं इथे आल्यावर सांगाल." ती थांबली. "फार आजारी होते का?"

"कोण?"

"बाबा."

मी त्या मातीच्या उंचवट्याकडे बोट केलं. "तो इथे नाही?"

"इथे आई आहे," सिऊ लान म्हणाली. "ते तुमच्याकडे आले ना."

वहिनी आमच्या दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीने बघत होती. "काय म्हणते?"

मी पुन्हा त्या उंचवट्याकडे वळलो. सिऊ लानने माझा चेहरा बघितला आणि तिचाही चेहरा बदलला. ती वहिनीकडे वळली. मग अगदी सावकाश, एकेक अक्षर जुळवत, मराठीत म्हणाली, "घराकडे जातो." आणि पुन्हा, "बाबा. घराकडे जातो."

वहिनीचा पिशवीतला हात रिकामा बाहेर आला. ती फरशीवर बसली.

मग सिऊ लानने सांगितलं ते सगळं मी वाक्यावाक्याला थांबून वहिनीला सांगितलं. दादा इस्पितळात होता तेव्हा तिथल्या स्वयंपाकघरात काम करणाऱ्या मुलीने त्याची शुश्रूषा केली, ती सिऊ लानची आई. बरा झाल्यावर तो बंदरावर कामाला लागला, तिथेच राहिला, संसार केला. गावी बायको आहे हे त्याने घरात कधी सांगितलं नव्हतं. सिऊ लानची आई वारली त्याच्या पुढच्या वर्षी त्याने मुलीला जवळ बसवून सांगितलं. म्हणाला, तिकडे एक बाई आहे, तिचं मी वाईट केलं. पाय चालताहेत तोवर घराकडे जातो. तेव्हा मद्रासला उतारूंची बोट जात असे. सिऊ लान धक्क्यापर्यंत पोचवायला गेली होती. त्याने दाढी केली होती, नवा सदरा घातला होता.

"बोट सुटली तेव्हा तो बोटीवर होता? तू बघितलंस?" मी विचारलं.

"कठड्याशी उभे होते. दिसेनासे होईपर्यंत मी बघत होते."

"मग पत्र नाही, काही नाही?"

"नाही. मला वाटलं, तिकडची माणसं मिळाली आणि आम्हाला विसरले. मला फार राग होता. दर वर्षी मी त्यांचं नाव रागारागानेच रंगवत होते. तुमचा फोन आला तेव्हा म्हटलं, शेवटी त्यांनीच सांगितलं असेल फोन करायला."

वहिनीने एवढंच विचारलं, "जाताना काय म्हणाला आणखी?"

मी विचारलं. सिऊ लान आठवत राहिली.

"म्हणाले, ती मला ओळखेल की नाही कोण जाणे."

वहिनीने ते ऐकून घेतलं. वरच्या बाजूला कुणीतरी कागदाच्या नोटांचा ढीग पेटवला होता, त्याची राख आमच्या अंगावर उडत येत होती.

"म्हणजे निघाला होता," ती म्हणाली.

"हो वहिनी."

"माझ्याकडे यायला निघाला होता."

मी मान हलवली.

थोड्या वेळाने सिऊ लान उठली. काहीतरी करायला हवं म्हणून उठल्यासारखी उठली. तिने आईपुढे जेवण मांडलं: मासा, भात, संत्री, उकडलेले शिंपल्यांतले खुबे, चहाचे आणि दारूचे छोटे पेले. उदबत्त्या लावल्या. मग हातात दोन नाणी घेऊन काहीतरी पुटपुटली आणि ती फरशीवर टाकली. एक छाप, एक काटा.

"हे काय?" वहिनीने विचारलं.

"आईचं जेवण झालं का ते विचारते," सिऊ लान म्हणाली. "एक उलटं एक सुलटं पडलं म्हणजे हो. झालं म्हणते."

वहिनी नाण्यांकडे बघत राहिली. "दुसरं काही विचारता येतं?"

"काय?"

"तिला विचार, तो तिच्याकडे आलाय का."

मला ते सिऊ लानला सांगवेना, तरी सांगितलं. तिने नाणी उचलली, पण लगेच टाकली नाहीत. दोन्ही तळव्यांत धरून दगडाकडे तोंड करून ती आईशी बराच वेळ तिच्या भाषेत बोलली. मग टाकली. दोन्ही काटे. तिने पुन्हा विचारलं, पुन्हा टाकली. दोन्ही छाप. तिसऱ्यांदा पुन्हा काटे.

"आई म्हणते, नाही," ती म्हणाली. "तिकडे नाहीत."

"तिच्याकडेपण नाही," वहिनी म्हणाली.

मग तिने असं केलं: हात लांब करून सोनेरी रंगाचा डबा जवळ ओढला, ब्रश उचलला आणि दगडापुढे गुडघे टेकले.

सिऊ लानने पटकन तांबड्या ओळीवर तळहात ठेवला. "नको. काका, त्यांना सांगा. माणूस जिवंत असताना नाव सोनेरी केलं तर तो मरतो."

"इतकी वर्षं झाली. जिवंत कसा असेल?" वहिनी म्हणाली. "मद्रासला उतरलेला माणूस रत्नागिरीला पोचत नाही? वाटेतच गेला असेल कुठेतरी. म्हातारा, एकटा. कुणी बेवारशी म्हणून जाळलाही असेल."

"तुम्हाला माहीत नाही ते. कुणालाच माहीत नाही."

"म्हणून तर. कुणीतरी ठरवायला हवं की नको?"

"आणि उद्या आले तर?" सिऊ लान म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण तिने हात काढला नाही.

"आला तर सांग, मोठ्या आईने मारलं."

मी हे भाषांतर करताना शब्द मऊ करून बघितले. पण सिऊ लानला ते मुळातूनच कळलं असावं. ती वहिनीकडे बघत राहिली. मग तिने हात बाजूला घेतला.

"तुम्ही मोठ्या. तुमचा हक्क आधी," ती म्हणाली.

वहिनीने ब्रश बुडवला. दगडाजवळ नेला. हात हवेत तसाच राहिला.

"यात पुरुषोत्तम कुठे लिहिलंय?"

लग्नानंतर मी तिच्या तोंडून हे नाव पहिल्यांदा ऐकत होतो.

सिऊ लानला मी विचारलं. ती जरा घुटमळली. "ते नाही लिहिलं. आजोबांनी त्यांना आमच्यातलं नाव दिलं होतं. हे पहिलं अक्षर तान, ते आमचं आडनाव. पुढे हाय पेंग. शांत समुद्र असा अर्थ होतो."

"तान हाय पेंग," वहिनीने म्हणून बघितलं. तिला ते धड म्हणता आलं नाही. ब्रशच्या टोकावरून रंगाचा थेंब फरशीवर पडला. ती त्या अक्षरांकडे बघत होती, जणू कुणी अनोळखी माणूस दारात येऊन उभा आहे.

शेवटी तिने ब्रश सिऊ लानच्या हातात दिला.

"हा तुझा बाप. तू काय ते कर. माझा नवरा या दगडावर नाही."

सिऊ लानने ब्रश धुतला आणि तांबड्या डब्यात बुडवला. रंग दोन ठिकाणी खाचेबाहेर गेला. तो तिने नखाने पुसला.

रंगवून झाल्यावर तिने आईपुढचा चहाचा एक पेला उचलला, वहिनीसमोर येऊन गुडघ्यांवर बसली आणि दोन्ही हातांनी पेला पुढे केला. मला म्हणाली, "घरात आलेल्या दुसऱ्या बायकोने पहिलीला चहा द्यायचा असतो. आईला ते करता आलं नाही. तिच्या वतीने मी देते. घ्यायचा नसेल तर नका घेऊ."

मी सांगितलं. वहिनी पेल्याकडे बघत होती. घेणार नाही असं मला वाटलं. तिने घेतला आणि एका घोटात पिऊन रिकामा पेला परत दिला.

"थंड झालाय," ती म्हणाली.

नंतर तिथेच अंगणात बसून जेवायचं असतं, मेलेल्यांसोबत. आजूबाजूच्या सगळ्या थडग्यांवर माणसं जेवत होती. सिऊ लानने खुबे फोडून पानावर वाढले. टरफलं मागच्या उंचवट्यावर टाकायची, म्हणजे घरात बरकत राहते, ती म्हणाली. वहिनीने एक खाल्ला आणि टरफल मागे टाकलं.

"यांना खुबे आवडायचे?" तिने विचारलं.

सिऊ लान म्हणाली, "फार."

"मला ठाऊक नव्हतं."

मग ती विचारत गेली आणि मी मधे बसून इकडचं तिकडे सांगत गेलो. जेवताना पाणी प्यायचा का. रागवायचा का. डोक्यावर केस होते का. सिऊ लान सगळ्याची उत्तरं देत होती. एवढंच नव्हे, तर आपणहून सांगत होती. झोपेत बोलायचे, ती म्हणाली.

"काय बोलायचा?"

"आम्हाला कळायचं नाही. तुमच्या भाषेत."

वहिनीने पानं उचलली.

उतरताना मात्र तिने माझा हात धरला. अर्ध्या वाटेवर ती थांबली. गळ्यातल्या काळ्या मण्यांना हात लावून म्हणाली, "भावोजी, आता हे काढायचं कसं?"

मी म्हटलं, "आधी खाली उतरू."

परतताना आम्ही मद्रासला उतरलो. बंदरावर विचारलं, पोलिसांत विचारलं, सरकारी इस्पितळात, धर्मशाळांत विचारलं. इतक्या वर्षांपूर्वी बोटीतून उतरलेला एक म्हातारा. लोक चांगले होते, बसायला खुर्ची देत होते. पण कुणाला काय माहीत असणार? बोटसुद्धा बंद होऊन काही वर्षं झाली होती. रेल्वे स्टेशनच्या फलाटावर तोंडावर पांघरूण घेऊन म्हातारे झोपलेले असतात. वहिनी प्रत्येकापाशी थांबायची. एकाचं पांघरूण तिने हाताने बाजूला केलं. तो दचकून उठून बसला आणि तमिळमध्ये काहीतरी बोलला. मी त्याची माफी मागितली.

घरी आल्यावर वाडीतल्या बायका जमल्या. वहिनीच्या कपाळावर कुंकू तसंच बघून त्यांना काय विचारावं कळेना. वहिनी म्हणाली, "तिथे नाही," आणि आत गेली.

त्यानंतरची वहिनी वेगळी होती. जिने इतकी वर्षं एकदाही वाट बघितली नाही, ती आता वाट बघायला लागली. संध्याकाळची एसटी फाट्यावर थांबली की तिचा आवाज आमच्या अंगणात येतो. आवाज आला की वहिनी हातातलं काम ठेवून कुंपणाच्या बेड्यापाशी जाऊन उभी राहायची. उतरलेली माणसं आपापल्या वाटेने पांगेपर्यंत उभी. रोज. मी तिला समजावलं, माझ्या बायकोने समजावलं. "निघाला होता ना, भावोजी?" एवढंच ती म्हणायची. निघाला होता हे मी नाकारू शकत नव्हतो. मी तिला तिकडे नेलं नसतं तर बरं झालं असतं, असं बायको एकदा म्हणाली.

सिऊ लानचा फोन दर एप्रिलला यायचा. तोवर आमच्या घरी फोन बसला होता. रंगवून आले, ती सांगायची. मी विचारायच्या आधीच म्हणायची, तांबडं. मी ते वहिनीला सांगायचो. ती मान हलवायची. दोघींनी एकमेकींसाठी दर वर्षी निरोप पाठवला आणि दर वर्षी तो एकच होता: काही कळलं का? नाही.

असं पुष्कळ वर्षं चाललं. मग एका सकाळी वहिनी उठली नाही.

माणसं जमली. तिरडी बांधायला घेतली. आतून शेजारच्या कमळाकाकू बाहेर आल्या आणि मला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, "जनूभाऊ, कशी सजवायची हिला? सवाष्ण की कशी? आम्ही बायका काय ठरवणार. तुम्ही तिकडे जाऊन आलात, तुम्ही सांगा."

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. माझी बायकोसुद्धा. दादा जिवंत असता तर नव्वदीच्या घरात असता.

"तिचं कुंकू कुणी पुसलेलं नाही," मी म्हणालो.

कमळाकाकू आत गेल्या. मग हिरवी साडी आली, हिरव्या बांगड्या आल्या. वहिनीला हळद लावली, मळवट भरला, ओटी भरली. वाडीतल्या सगळ्या सवाष्णी ओळीने आत जाऊन तिच्या पाया पडल्या आणि तिच्या कपाळाचं कुंकू बोटाने घेऊन आपल्या कपाळाला लावून बाहेर आल्या. नव्याने लग्न झालेल्या मुलींना मुद्दाम पुढे करून नेत होत्या.

"भाग्याची हो," त्यांतली एक डोळे पुसत म्हणाली. "भरल्या कपाळाने गेली. आमच्या नशिबात आहे की नाही कुणास ठाऊक."

मी खांदा द्यायला पुढे झालो.